जिच्या पर्समध्ये तिचं कार्ड

लोणावळ्याच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत चिक्कीचा रिकामा डबा होता, आणि त्या डब्यात सात बायकांची सात बसकार्डं असायची. त्यातलं कुठलं कुणाचं, हे विचारायची सोय नव्हती. सकाळी सातच्या पाळीला आलं की कार्ड डब्यात टाकायचं आणि तीनला सुटताना हाताला येईल ते उचलायचं. पर्समध्ये गेलं की ते तिचं. उद्या दुसरं येईल, परवा तिसरं. रिचार्जही सगळ्या मिळून करायच्या, म्हणजे कुणाची कुरकूर नको.

कुणी म्हणेल, हा काय पोरखेळ. पोरखेळ नव्हता. बसवाल्यांनी हॉटेलच्या गेटवर मांडव टाकून कार्डं वाटली, तेव्हा फॉर्मवर मोबाइल नंबर मागितला होता. बायकांनी आपापल्या घरच्या पुरुषाचा नंबर देऊन टाकला. काहींकडे स्वतःचा फोन नव्हता, आणि काहींकडे असूनही तोंडात नवऱ्याचाच नंबर आला. मग सुरू झाली गंमत. कंडक्टरच्या मशीनवर कार्ड टेकवलं की घरी मेसेज जायचा: कुठं चढली, कुठलं तिकीट काढलं, किती वाजता. ज्या बाबांनी जन्मात कधी बायकोला जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं, त्यांना एकाएकी तिच्या प्रवासाची भारी काळजी वाटायला लागली. साडेतीनच्या जागी चारची गाडी पकडली की दारातच चौकशी.

डब्याची युक्ती शहिस्ताची. शहिस्ता वडगावची, जिभेनं तिखट आणि डोक्यानं चलाख. तिचा नवरा अब्दुल वडगाव फाट्याला पंक्चर काढायचा. तो बिचारा साधा माणूस, मेसेज वाचून हसायचा. "बाईसाहेब, तुम्ही हितं भाकरी थापताय, आन् फोन म्हणतोय कामशेतला चढलाय. दोन-दोन शहिस्ता सांभाळायच्या म्हणजे लय झालं," म्हणायचा. पण युक्ती अब्दुलसाठी नव्हतीच. ती होती स्नेहलच्या नवऱ्यासाठी.

स्नेहल कार्ल्याच्या बाजूची, सव्वीस-सत्तावीसची. तिचा नवरा अमृत मुंबईवाल्यांचे बंगले राखायचा. धुतलेला सदरा, हळू बोलणं, बाईमाणसाला रस्ता सोडून बाजूला उभं राहणं, सगळं कसं नीट. आणि घरात काय, तर एक बस चुकली म्हणून तिचा पंजा तापल्या तव्यावर दाबून धरला. दुसऱ्या दिवशी ती तसल्या हातानं ओल्या चादरी पिळत होती. लाँड्रीतल्या म्हाताऱ्या खुर्शीदाखालानं, सगळ्यांच्या मावशीनं, तो हात उलटून बघितला आणि तिला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. त्याच आठवड्यात डबा सुरू झाला. मेसेजांचा असा काला झाला की अमृतला स्नेहल कधी वडगावला चढलेली दिसे, कधी कामशेतला. तो म्हणे नुसता फोनकडं बघत बसायचा.

मग एके दिवशी स्नेहल नेसत्या कपड्यांनिशी पाळीवर आली ती परत न जाण्यासाठी. आदल्या दिवशी त्यानं शांतपणे सांगितलं होतं, "पुढच्या वेळी हात न्हाई, गळा." चौकीत ती एकदा जाऊन आलेली होती. तिथं दोघांना समोर बसवून समजावलं आणि चहा पाजून घरी पाठवलं. परत जायची तिची तयारी नव्हती. खालाची बहीण नुसरत देहूरोडला राहायची, एकटी, विधवा. खालानं स्नेहलला तिकडं धाडायचं ठरवलं. नुसरतनं निगडीत एका डबे बनवणाऱ्या बाईकडं तिला कामही बघून ठेवलं. सकाळी देहूरोडहून आठ वाजून दहाची गाडी, गुरुवारी सुट्टी.

निघताना शहिस्तानं दोन गोष्टी केल्या. स्नेहलचा फोन बंद करून खालाच्या ट्रंकेत टाकला. आणि त्या सकाळी डब्यात न टाकलेलं तिच्या पर्समधलं कार्ड काढून कात्रीनं चार तुकडे केले, ते बॉयलरच्या तोंडात फेकले. "बस बोंबलत आता," ती अमृतच्या नावानं म्हणाली. मग डब्यातलं दुसरं कार्ड काढून स्नेहलच्या हातात ठेवलं. "भरलेलं हाय. संपलं की आमी हितनं भरू. कुणापुढं हात पसरू नको." स्नेहल रडली. शहिस्तालाही भरून आलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं.

पहिले चार दिवस अमृत हॉटेलच्या गेटवर आला. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. वॉचमनच्या शेजारी उभा राहून सुटणाऱ्या एकेका बाईचं तोंड बघायचा. पाचव्या दिवशी आला नाही. सहाव्या दिवशीही नाही. बायकांचा जीव भांड्यात पडला. लाँड्रीतली अनिता तर म्हणाली, "कंटाळला असंल. पुरुषाची जात, किती दिवस उन्हात उभा राहील?" सगळ्या हसल्या. फक्त खाला हसली नाही. "जो वरडत न्हाई तो कंटाळत न्हाई," एवढंच ती म्हणाली आणि चादरींचा गठ्ठा उचलून आत गेली.

तीन आठवडे होत आले, त्या बुधवारी पाळी सुटल्यावर शहिस्ता लोणावळ्याच्या स्टॉपवर उभी होती. शेजारी कुणीतरी येऊन थांबलं. बघते तर अमृत. दाढी केलेली, केस विंचरलेले, चेहऱ्यावर चांगली झोप झाल्याची टवटवी.

"भाभी, बरंय ना?" त्यानं विचारलं. "अब्दुलभाईंचं दुकान कसं चाललंय?"

"चाललंय," शहिस्ता म्हणाली.

"एक विचारायचं होतं. ती निगडीची गाडी देहूरोडला आठ-दहालाच येते ना? का कधी मागंपुढं होते?"

"मला काय ठावं? मी तिकडं कशाला जाते?"

"तेच म्हणतो मी," अमृत म्हणाला. "तुमच्यातलं कुणीच वडगावच्या पुढं राहात न्हाई." मग मान लववून रस्त्यापलीकडं निघून गेला, जणू वाटेत भेटलेल्या वहिनीची खुशाली विचारली आणि झालं.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. कुणी सांगितलं असेल? नुसरतच्या गल्लीतलं कुणी? डबेवाली? सगळ्यांची नावं मनात फिरून आली. कार्डाचा विचार शिवलाही नाही, कारण ते तर तिनं स्वतःच्या हातानं जाळलं होतं.

उलगडा झाला दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारच्या जेवणाला. खालाचा मुलगा जुनेद हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. तो भाजी द्यायला आला आणि सहज आईला म्हणाला, "अम्मी, तुझं कार्ड बिघडलंय का? तीन आठवडे झाले, माझ्या फोनवर एक मेसेज न्हाई. आधी रोज कुणाचा ना कुणाचा यायचा."

शहिस्ताचा घास हातातच राहिला. तीन आठवडे. खालाचं कार्ड रोज कुणीतरी वापरत असणार, डब्यातलं एकही कार्ड पडून राहात नव्हतं. मग ज्याचे मेसेज बंद झाले ते कार्ड गेलं कुठं? ते बॉयलरमध्ये गेलं होतं. त्या दिवशी स्नेहलच्या पर्समध्ये निघालं म्हणून ज्याला तिचं म्हटलं, ते खालाचं होतं. जिच्या पर्समध्ये तिचं, असं इतके महिने म्हणता-म्हणता त्या स्वतःच ते खरं मानून बसल्या होत्या. आणि स्नेहलचं खरं कार्ड, अमृतच्या फोनला जोडलेलं, शहिस्तानं डब्यातून काढून तिच्याच हातात दिलं होतं. हुशार म्हणे. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तीन आठवडे रोज सकाळी आठ-दहाला देहूरोडच्या स्टॉपवर स्नेहल ते कार्ड मशीनला लावत होती, आणि रोज अमृतला कळत होतं.

नुसरतचा फोन लागेना. शहिस्तानं सुपरवायझरला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि दीडची गाडी धरली, रोख पैसे देऊन. कामशेत, वडगाव, तळेगाव, सोमाटणे फाटा. प्रत्येक स्टॉपवर गाडी निवांत उभी राही, आणि तिला वाटे, उतरून धावत सुटावं. आज गुरुवार, स्नेहल घरी असेल, हा एकच धीर होता. त्याला मात्र सुट्टीचं ठाऊक असेल का, ते सांगता येत नव्हतं.

स्नेहल घरीच होती, निळी ओढणी घेऊन नुसरतच्या ओट्यावर मेथी निवडत. तीन आठवड्यांत अंगावर जरा मूठभर मांस आलं होतं. नुसरतचा फोन आत चार्जिंगला लावलेला. शहिस्तानं दम न घेता सगळं सांगितलं. स्नेहलनं उठून पर्समधून कार्ड आणलं आणि दोन बोटांत लांब धरून शहिस्तासमोर केलं.

"जाळून टाका, ताई," ती म्हणाली.

"जाळायचं न्हाई." येताना गाडीत शहिस्तानं विचार करून ठेवला होता. "हितंच बंद पडलं तर त्याला वाटंल तू हितंच हायेस, आन् तो हितलं घर न् घर धुंडंल. त्यापरीस मी ह्ये घेऊन जाते. हितनं लोणावळ्याचं तिकीट काढते, उद्या लोणावळ्यात दुसरीकडं लावते, परवा तिसरीकडं. त्याला वाटंल तू जागा बदललीस. फिरू दे त्याला डोंगरात."

स्नेहल जराशी हसली. नुसरतनं चहा टाकला. चहा पिताना शहिस्तानं स्नेहलच्या भाजलेल्या पंज्यावर हात ठेवला. "आता भिऊ नको. कार्ड गेलं, म्हणजे त्याचा डोळा गेला. जरा बाहेर पडत जा, मोकळी हवा खा. किती दिवस अशी कोंडून राहणार?" बरं वाटावं म्हणून बोलली. आणि बोलताना तिला स्वतःलाही ते पटलं होतं.

पाच वाजता ती स्टॉपवर आली. निगडीकडून लोणावळ्याची गाडी आली, चांगलीच भरलेली. शहिस्ता पुढच्या दारानं चढली. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरची एक बाई उठली, तिथं ती टेकली. कंडक्टर मशीन घेऊन आला. "लोणावळा," ती म्हणाली आणि कार्ड लावलं. मशीन वाजलं.

मागं कुठंतरी फोनची घंटी वाजली. गाडीत पन्नास माणसं, पन्नास फोन, कुणाचाही वाजेल. तिनं मागं वळून बघितलं नाही. गाडी निघाली, लष्कराच्या छावणीची लांब भिंत मागं पडली, आणि तिच्या बाकाच्या दांड्यावर एक हात येऊन थांबला. स्वच्छ नखांचा.

"भाभी," अमृत म्हणाला. "तुम्ही तर इकडं येत नाही म्हणाला होतात."

शेजारची बाई तेवढ्यात उठून दाराकडं गेली आणि तो तिच्या जागी बसला. मांडीवर रेक्झिनची पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. तो निगडीहून येत होता, हे त्यानं स्वतःच सांगितलं. दिवसभर तिथल्या स्टँडवर उभा होता, आज काही ती आली नाही. "मोटरसायकल नाही आणली," तो म्हणाला. "माझी लाल टाकीची गाडी तिला लांबून ओळखू येते. निघालो होतो हात हलवत घरी. म्हटलं, आजचा दिवस वाया गेला. आणि आत्ता मेसेज आला. देहूरोड ते लोणावळा." त्यानं फोन तिच्यासमोर धरला. "मी बघितलं, गाडीत आत्ता कार्ड लावणारी बाई एकच."

शहिस्तानं ते कार्ड लावलंच नसतं, तर हा माणूस तिच्या मागं चार बाकं सोडून बसून गुमान घरी गेला असता. पण डोकं चालत होतं. डबा अजून होता. "आमच्यात कार्डाचं काय खरं असतं, अमृतभाऊ?" ती हसून म्हणाली. हसू कसं आलं ते तिचं तिला ठाऊक. "डब्यातनं हाताला येतं ते घ्यायचं. ह्ये तीन आठवडे माझ्याकडं हाय. आमची चुलतबहीण आजारी हाय हितं, तिच्याकडं येते-जाते. तुमाला मेसेज गेले असतील तर माफ करा."

बाहेर सोमाटण्याचा उतार लागला. अमृतचे खांदे थोडे खाली आले, आणि शहिस्ताला वाटलं, पटलं. देवा, पटलं याला.

"म्हणजे रोज सकाळी आठ-दहाला देहूरोडहून निगडीला तुम्हीच जाता," तो म्हणाला.

"व्हय."

"आणि सातला लाँड्रीत असता. मी चार दिवस गेटवर उभा होतो, भाभी. वॉचमनच्या वहीत तुमची रोजची सही आहे, सहा पन्नास." तो अजिबात चिडला नव्हता. "तुम्ही खोटं बोललात याचा मला राग नाही. उलट बरं झालं. चुलतबहीण देहूरोडला आहे म्हणालात. एवढंच मला पक्कं नव्हतं. वाटायचं, तिथं नुसती गाडी बदलत असेल."

त्यानं उठून घंटीची दोरी ओढली. सोमाटणे फाट्याला गाडी थांबली आणि तो उतरला. रस्ता ओलांडून पलीकडच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिला, निगडीकडं तोंड करून.

शहिस्ता त्याच्या मागोमाग उतरली. का उतरली हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिनं नुसरतला फोन लावला. या वेळी लागला.

"नुसरतखाला, स्नेहल कुटं हाय? तिला आत घ्या, कडी लावा. तो येतोय, खाला, त्याला समदं कळलंय."

"स्नेहल?" नुसरत म्हणाली. "ती न्हाई घरात. तूच म्हनलीस ना, आता भिऊ नको, मोकळी हवा खा. तुझ्या मागोमाग पिशवी घेऊन निगाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा एकटी भाइर पडली पोर. स्टॉपसमोरच्या मंडईत मासळी बगते म्हनली, मग स्टॉपच्या बाकड्यावर बसून जरा गाड्या बगते म्हनली."

"तुमी जावा. आत्ताच्या आत्ता जावा."

"माझा गुडघा असा, शहिस्ता. धा मिनिटं तरी लागतील."

"पोलिसांना एकशे बारा लावा, शेजारच्यांना उठवा, कायबी करा, पण तिला तितनं हलवा." आणि समोरून निगडीची गाडी आलीच. इथून देहूरोडही दहाच मिनिटांवर होतं.

अमृत मागच्या दारानं चढला. गाडी हलायच्या आत शहिस्ता रस्ता ओलांडून पुढच्या दाराच्या दांड्याला लोंबकळली. ड्रायव्हर ओरडला, पण तिनं पाय पायरीवर घट्ट रोवले होते. उतरायचं दार हेच. मागचं दार गाडी निघाल्यावर बंद झालं होतं, आणि देहूरोडला ड्रायव्हर फक्त पुढचं उघडतो, हे तिनं आज जातानाच बघितलं होतं.

अमृतनं तिला बघितलं. गर्दीतून वाट काढत, माफ करा, माफ करा म्हणत, पिशवी छातीशी धरून तो पुढं येऊ लागला. छावणीची भिंत पुन्हा सुरू झाली. तिच्या टोकाला, मंडईच्या समोर, स्टॉपचं छप्पर दिसायला लागलं, आणि छपराखाली बाकावर बसलेली निळ्या ओढणीची बाई.

"ओ ताई, आत सरका," कंडक्टर म्हणाला. "लोकांना उतरायचंय."

शहिस्तानं दाराच्या दोन्ही दांड्यांना हात आवळले. "न्हाई," ती म्हणाली. "मी हितनं हलत न्हाई."